माणसाचं डॅमेज कोण लिहितो?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय.)



मला विषय दिलाय ‘लेखन आणि व्यक्तिमत्त्व विकास’. व्यक्तिमत्त्व विकास म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे क्लासवाला टाय घातलेला माणूस उभा राहतो. फी घेतो आणि आरशापुढे हसायला शिकवतो. त्या विकासातलं मला काही कळत नाही. मी दहावी पास, गोदीत कंत्राटी मजूर. कविता करतो म्हणून तुम्ही इथं उभा केलाय. तेव्हा विषय माझ्या पद्धतीनं मांडतो. वही आणि पेन घेऊन बसलं तर माणूस बरा राहतो का, वाढतो का, आणि ज्याला बसायला टेबल नाही त्यानं हे कसं करायचं, एवढंच बोलतो.

गोदीत टॅली क्लार्क नावाचा माणूस असतो. बोटीतून स्लिंग खाली आली की तो कागदावर रेघ मारतो. चार उभ्या, पाचवी तिरपी, की झाला पाचाचा गठ्ठा. पोतं फाटलं, पेटी फुटली, पत्र्याच्या कॉइलला पोचा आला, की ते ‘डॅमेज’ म्हणून वेगळं लिहायचं. किती नग, कुठं फाटलं, बोटीतच फाटलेलं आलं की उतरवताना फाटलं. त्या कागदावर पुढं विमा चालतो, दावे चालतात, मोठमोठे वकील भांडतात. म्हणजे फाटलेल्या पोत्याची बाजू घ्यायला साली अख्खी व्यवस्था उभी आहे. आता ते पोतं ज्याच्या पाठीवर होतं त्याचा मणका सरकला, अंगठा चेंबला, त्याला रात्री झोप येत नाही, तो घरी जाऊन पोराला मारतो. त्याला त्या कागदावर जागा नाही.

हे आजचं नाही. १४ एप्रिल १९४४. तारीख बघा, आपली जयंतीची तारीख. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट फुटली. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. त्या विटांची किंमत पौंडात किती, कुठली वीट कुठं जाऊन पडली, हे आजही चवीनं छापून येतं. आगीत गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचं स्मारक भायखळ्याला आहे, आणि ते असायलाच पाहिजे. पण एकूण माणसं किती मेली? कुणी आठशे म्हणतो, कुणी तेराशे. मधली पाचशे माणसं कुठं गेली? ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं त्याचं मरणसुद्धा अंदाजपंचे झालं.

म्हणून मी म्हणतो, आपल्या डॅमेजचा कागद आपण भरायचा. रोज भरायचा.

यावर आपल्यातलेच काही जुने कार्यकर्ते नाक मुरडतात. म्हणतात, रोजनिशी लिहिणं, मन मोकळं करणं हे पांढरपेशांचे चोचले. पोट भरलेल्या माणसानं आपल्या बेंबीकडं बघत बसायचा धंदा. आपण मोर्चा काढायचा, पोस्टर चिकटवायचं. त्यांच्या म्हणण्यात दम आहे, मी उडवून लावत नाही. पण त्यांना माझा एक सवाल आहे. मोर्च्यातून घरी आल्यावर रात्री दोन वाजता जो पोरगा छताकडे बघत पडतो, त्याचं काय करायचं? आपल्या वस्तीत किती पोरं अशी पडलीत ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना आपण भाषण देतो, आणि नाहीतर क्वार्टर देतो. तिसरं काही आपल्याकडं आहे का?

आता थोडं शास्त्राचं सांगतो. १९८६ साली अमेरिकेत, टेक्सासमध्ये, जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या दोघांनी एक प्रयोग छापला. कॉलेजच्या पोरांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना सांगितलं, किरकोळ काहीतरी लिहा. बाकीच्यांना सांगितलं, आयुष्यात जो सगळ्यात मोठा घाव बसलाय तो लिहा. त्यातही एका गटाला काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही लिहायचं होतं. लिहून उठल्यावर ही पोरं खूश झाली नाहीत हे ध्यानात ठेवा. उलट त्या वेळेपुरती जास्त खिन्न झाली. पण पुढच्या सहा महिन्यांत या गटाच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. ताप, खोकला, अंगदुखी घेऊन माणूस डॉक्टरकडं जातो ना, त्या फेऱ्या.

१९९४ साली त्याच पेनेबेकरनं आणखी दोघांबरोबर दुसरा प्रयोग छापला. तो आपल्या जवळचा आहे. नोकरीवरून काढलेली माणसं घेतली. मजूर नव्हती, इंजिनियर वगैरे होती, पण काढलं की काढलं. ज्यांनी नोकरी गेल्याबद्दल मनातला सगळा संताप, लाज, भीती लिहून काढली, त्यांना पुढं नवीन काम लवकर लागलं. आणि गंमत बघा. त्यांनी अर्ज जास्त केले नव्हते, फोन जास्त केले नव्हते. मग फरक कशानं पडला? संशोधकांचा कयास असा की मुलाखतीला बसताना त्यांच्या डोक्यात जुन्या मालकाचा राग तेवढा खदखदत नव्हता.

आता कुणी म्हणेल लिहिणं म्हंजे रामबाण औषध सापडलं. तर नाही. २००६ साली अशा १४६ प्रयोगांची एकत्र बेरीज मांडली गेली. फायदा निघाला, पण लहान. लहान फायदा मला चालतो. आपल्याला मोठा फायदा कुणी दिलाय आजवर? आणि या औषधाला पाच रुपयांचं पेन लागतं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते पुढचं. पेनेबेकरच्या लोकांनी नंतर त्या लिहिलेल्या कागदांमधले शब्द मोजले. कोण बरा झाला आणि त्याच्या कागदावर कुठले शब्द होते, हे ताडून बघितलं. नुसतं दुःख, दुःख, दुःख लिहिणारा बरा होतोच असं नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्याच्या लिहिण्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘मला कळलं’ असले शब्द वाढत गेले, त्याला जास्त फायदा झाला. विचार करा. माणूस कारण शोधायला लागला की त्याचं अंग हलकं होतं.

हे वाचून मी हसलो. आपल्याला हे टेक्सासवरून कळायची गरज नव्हती. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचा. छोटंसं आहे, एका बैठकीत होतं. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी हातानं लिहून ठेवलेल्या आठवणी. हयातीत पुस्तक झालं नाही, १९९० साली छापलं गेलं. त्यात १९०१ सालची गोष्ट आहे. वडिलांना भेटायला निघालेली पोरं मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळल्यावर कुणी गाडीवाला तयार होत नाही, आणि रात्रभर डबा समोर असून पाण्यावाचून जेवता येत नाही. मोठेपणी चाळीसगावला झालेला टांग्याचा अपघात आहे. तो कसा लिहिलाय बघा. टांगा उलटला, मला लागलं, एवढ्यावर ते थांबत नाहीत. हाकणारा नवखा का होता? कारण टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला नकार दिला. मग वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्यानं घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हता त्याला बसवला, कारण पाहुण्यानं पायी जाणं त्यांना अपमानाचं वाटलं. एका अपघाताच्या पोटातून किती कारणं काढलीत! आणि रडगाणं औषधाला नाही. नऊ वर्षांच्या पोराची तहान त्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं आत ठेवली आणि मग तारीख, गाव, स्टेशन घालून कागदावर मांडली. याला मी डॅमेजचा कागद भरणं म्हणतो.

आता आमच्या पैजेचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही काही जणांनी तीस रात्रींची पैज लावली. रोज दहा ओळी. आज काय झालं, कुठं झालं, अंगात कुठं दुखलं किंवा मनात काय आलं, आणि शेवटचं वाक्य ‘कारण’ या शब्दानं सुरू करायचं. चार शब्दांना बंदी: सूर्य, अंधार, वेदना, विद्रोह. हसू नका. आपल्या अंकाला येणाऱ्या दहा कवितांतल्या नवांमध्ये सूर्य उगवतो, मी स्वतः किती उगवलेत. पण ‘वेदना’ लिहिलं की कुठं दुखतंय ते लिहायचं राहून जातं, म्हणून बंदी. वाचून दाखवायची सक्ती नाही. आठवड्यातनं एकदा जमायचं. ज्याला वाचायचंय तो वाचेल, बाकीचे ऐकतील, आणि कुणी सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम पाळणं फार जड गेलं. आपल्याकडं प्रत्येकाला पुढारी व्हायचं असतं ना.

माझ्या वहीतलं सांगतो. पहिल्या रात्री लिहिलं, आज पुन्हा बोटीच्या तळाला उतरवलं, धूळ खाऊन छाती भरली, कारण मी नवीन आहे. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. बाराव्या रात्री पाने मागं उलटली तेव्हा वाटलं, माझ्याबरोबर खाली कोण कोण होतं ते तरी लिहू. सहा दिवस नावं लिहिली. वरच्या कामाला कोण, तळाला कोण. मग ती यादी नुसती बघितली तरी कळत होतं, आडनावं स्वतः बोलत होती. अठराव्या रात्रीचं ‘कारण’ वेगळं पडलं. आम्ही चौघं तो कागद घेऊन मुकादमाकडं गेलो. पंधरा दिवस फेरपाळी मिळाली, मग परत जैसे थे. ठीक आहे. पण त्या बारा रात्री मी जे स्वतःला नवीन, अडाणी, कमजोर म्हणत होतो, ते माझ्या डोक्यातनं गेलं. छाती अजून भरते. डोकं भरत नाही.

आमच्यात एक पोरगा होता, त्याला विचारूनच सांगतोय. त्यानं नऊ रात्री एकच ओळ लिहिली: आज काही झालं नाही. आम्ही म्हटलं ठीक आहे, तीही नोंद आहे. दहाव्या रात्री त्यानं लिहिलं की दोन वर्षांपूर्वी भाऊ गटारात उतरला आणि वर आला नाही. आणि शेवटचं वाक्य: कारण त्या दिवशी त्याला जायचं नव्हतं, मी म्हटलं जा, खाडा करू नकोस. एवढं दोन वर्षं पोटात घेऊन तो आमच्याबरोबर चहा पीत होता, जोक मारत होता. बैठकीत वाचल्यावर कुणी बोललं नाही. ‘तुझी चूक नव्हती रे’ असंही कुणी म्हटलं नाही, नियमच होता. तो लिहीत राहिला. विसाव्या रात्रीच्या आसपास त्याची वाक्यं बदलायला लागली. त्याला खाली कुणी पाठवलं. पट्टा होता का. मास्क होता का. आत वायू आहे की नाही हे कुणी तपासलं. एका पानावर पाच ‘कारण’ होती, आणि त्याचं स्वतःचं ‘कारण’ पाचव्या नंबरावर गेलं होतं. पुसलं गेलं नाही. पाचवं झालं.

मग पुढचं काम आमचं होतं. माणसाला असं गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. त्याला हे माहीत नव्हतं, त्याच्या वहिनीला माहीत नव्हतं. वहीतली ती पानं समोर ठेवून आम्ही अर्ज लिहिला. अर्ज अडकलाय. त्याची दारू सुटली का? नाही, कमी झाली. मी इथं चमत्कार विकायला आलेलो नाही.

लिहिण्याच्या पैजा जगभर चालतात. सगळ्यात गाजलेली सॅन फ्रान्सिस्कोची. १९९९ साली २१ जणांनी सुरू केली, एका महिन्यात कादंबरी लिहायची. पन्नास हजार शब्द. पुढं लाखो लोक त्यात उतरले. ती चालवणारी संस्था २०२५ साली बंद पडली, पण माणसं आपापली लिहितातच. चांगली गोष्ट आहे, कुणाचं अडलेलं लिखाण त्यानं सुटलं असेल. पण पन्नास हजार भागिले तीस करा, दिवसाला साडेसोळाशेच्या वर शब्द होतात. बारा तासांची पाळी करून या आणि लिहा! आम्हाला तर ते टनावर पैसे मोजल्यासारखं वाटतं. जास्त टन, जास्त पैसे, आणि कंबर गेली की घरी जा. म्हणून आपल्या पैजेत शब्द मोजायचे नाहीत. आणि एखादी रात्र चुकली तर खाडा लावायचा नाही. चार दिवसांत जो गळाला त्याला हसायचं नाही, त्याचं पान कोरं असेल, दिवस कोरा नसतो. कामावर मुकादम आहे तेवढा पुरे, वहीत आणखी एक कशाला बसवायचा?

बहिणींनो, आता तुमच्याकडं वळतो, कारण दहा बाय दहाच्या खोलीत वही लपवायची कुठं हा प्रश्न पोरांपेक्षा तुम्हाला जास्त आहे. भाऊ उघडून वाचतो, नवरा उघडून वाचतो, सासू वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घेते. फलटणच्या बेबीताई कांबळे किराण्याचं दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दी यायची, ती वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. लिहिलेलं नवऱ्यापासून, पोरापासून लपवून ठेवायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात यायला लागलं, १९८६ साली पुस्तक झालं. ते साहित्य म्हणून थोर आहे हे सगळे सांगतील. मी एवढंच बघतो की तेवढी सगळी वर्षं त्या बाईकडं घरातल्या कुणालाच ठाऊक नसलेली, फक्त तिची अशी एक जागा होती. छापून आली नसती तरी ती जागा होतीच.

आणि सुरुवात तर त्याहून जुनी आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापला गेला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचं दुःख तिनं त्यात मांडलंय, आणि आमचा धर्म कोणता हे देवालाच विचारलंय. शाळकरी मुलीला निबंध लिही म्हणणं हीसुद्धा पैजच की. त्या काळात ज्यांनी तिच्या हातात लेखणी दिली त्यांनी ती पैज लावली आणि पोरीनं जिंकली.

आता एक जड गोष्ट. टाळता येणार नाही. १७ जानेवारी २०१६. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला गेला. त्याचं पत्र आपण सगळ्यांनी वाचलंय, भिंतीवर लावलंय, मोर्च्यात वाचलंय. त्यात त्यानं सांगितलंय की त्याला लेखक व्हायचं होतं, विज्ञानावर लिहायचं होतं. तो लिहीत होता, भरपूर लिहीत होता. तेव्हा लिहिणारा माणूस सुरक्षित असतो असं मी म्हणणार नाही. ज्याचं शिष्यवृत्तीचं पैसं थकलंय, ज्याला हॉस्टेलबाहेर काढलंय, त्याला वही पुरत नाही. त्याला शिष्यवृत्ती आणि खोली पाहिजे. आपल्या पोरांची पत्रं शेवटची झाल्यावर आपण वाचतो. मधली पत्रं कोण वाचतो? आपली शुक्रवारची बैठक एवढ्यासाठी आहे.

म्हणून काही गोष्टी बजावतो. लिहिताना जखम उघडली आणि बंदच होईना, हात थरथरायला लागला, झोप उडाली, तर ते पान तिथंच थांबवा. शौर्य दाखवू नका, चहाचं लिहा, पावसाचं लिहा, किंवा लिहू नका. मरणाचे विचार यायला लागले तर वहीला सांगून भागणार नाही, माणसाला सांगा. रात्री तीन वाजता कुणाला उठवायला लाज वाटत असेल तर १४४१६ लावा. २०२२ पासूनची सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि आपल्यातल्या कुणी फोन केला म्हणून त्याला ‘येडा’ म्हणणारा जो असेल, त्यानं पुढच्या शुक्रवारी येऊ नये.

दुसरं, लिहिलेलं सगळं छापायला द्यायचं नसतं. आमचं दुःख वाचून हळहळायची बऱ्याच लोकांना गोडी लागलीय. आणखी थोडं रक्त घाला, असं सांगणारे संपादकही भेटतात. पान तुमचं आहे. ठेवा, फाडा, चुलीत घाला. पेनेबेकरच्या त्या पोरांचे कागद कुठं कादंबरी म्हणून छापून आले होते? तरी त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्याच.

आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचं काय, हा प्रश्न मघाशी त्या ताईंनी विचारला. त्यांची आई सफाईला जाते, अंगठा लावते. ताई, तुम्ही लिहा, आईनं सांगायचं. पण तिचे शब्द सुधारायचे नाहीत. ती ‘न्हाई’ म्हणाली तर ‘न्हाई’ लिहा. शेवटी ‘का गं आई असं झालं?’ एवढंच विचारा आणि गप बसा. ती जे सांगेल ते ‘कारण’ म्हणून उतरवा, तुम्हाला पटो न पटो.

तीस वह्या आणल्यात, मागच्या बाकावर आहेत. दोनशे पानी नाहीत, चाळीस पानी आहेत, मुद्दाम; जाड वही बघून माणूस घाबरतो. नाव घालायचं असेल तर घाला, नसेल तर नुसता आकडा टाका. पहिली बैठक पुढच्या शुक्रवारी रात्री नऊला, इथंच. मला आज तिसरी पाळी आहे, प्रश्न असतील ते मी बाहेर बिडी ओढतोय तोवर विचारा.

जय भीम.